सुंदरीची बाजू

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात नंदाची कथा रंगवली आहे. बुद्धाने आपल्या सावत्र भावाला, नंदाला, त्याच्या मनाविरुद्ध दीक्षा दिली. त्याचा मुकुट तेवढा घरी आला आणि तो पाहून त्याची पत्नी सुंदरी कोसळली. या चित्रावरून माझ्या चित्रकलेच्या सरांशी माझा वाद आहे.

"सर, बायको घरी वाट बघतेय, नवरा भिक्षू होतो, आणि आपण त्याला मुक्ती म्हणायचं?"

"आधी चित्र तरी नीट बघ. तिची मान बघ, सगळा जोरच गेलाय. पापण्या अर्ध्या मिटल्यात. एका दासीनं मागून सावरलंय, दुसरी हात हातात घेऊन तिचा चेहरा निरखतेय, एक वारा घालतेय. खाली बसलेलीनं तोंड झाकून घेतलंय. सगळ्यांचा जीव तिच्यात गुंतलाय. ती मात्र कुणाकडेच बघत नाही."

"म्हणून त्या ब्रिटिश चित्रकाराला, ग्रिफिथ्सना, ती मरणाच्या दारात वाटली असेल."

"हो. मुंबईच्या जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी १८७२ पासून इथल्या चित्रांच्या नकला केल्या. 'मरणोन्मुख राजकन्या' हे नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. मला ते पटत नाही. आजारपणात कुणाला बोल लावता येत नाही. इथे येतो."

"कुणाला? बुद्धाला?"

"तसं विचारायची मुभा चित्रकारानं दिलीय, एवढं खरं. हा विहार आहे गं. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्यानं तो संघाला दिला. भोवतीच्या खोल्यांत राहणारे सगळे घरदार सोडून आलेले. आणि त्यांच्याच भिंतीवर मागे राहिलेल्या बाईला एवढी जागा! नंदाचा मुंडन केलेला चेहरा दाखवून भागलं असतं. तसं केलं नाही. येता-जाता ती त्यांच्या नजरेला पडेल, अशी रंगवली."

"दाखवली म्हणजे झाली का भरपाई? ते दागिने, ती कललेली मान, किती देखणं आहे सगळं! दुःख इतकं देखणं झालं की आपण त्याचं कौतुक करत बसतो. एखाद्या भिक्षूला घटकाभर वाईट वाटलंही असेल, पण म्हणून तो घरी परतला नसणार."

"परतायला हवं होतं, असं म्हणतेस?"

"नाही. तिला विचारायला हवं होतं. नंदाचं मन वळवायला बुद्धानं त्याला स्वर्गात नेऊन अप्सरा दाखवल्या. एवढी खटपट त्याच्यासाठी. सुंदरीची समजूत काढायला कोण आलं?"

"दासी. आणि माझ्या मते चित्रकाराला करुणा तिथेच दिसली, त्या सावरणाऱ्या हातांत. नंदाचं भलं झालं, हे मी मानतो. सुंदरीवर अन्याय झाला, हेही मानतो. एकासाठी दुसरं खोडायला मन धजत नाही."

"मी आधी सुंदरीला विचारेन, सर. नंदाचं भलं झालं की नाही, ते त्यानंतर ठरवू."