सोडलेला गुण कोणाचा?

20 सप्टेंबर 1969. इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलच्या मैदानावर रायडर करंडक या गोल्फच्या सांघिक स्पर्धेचा शेवटचा दिवस, शेवटची लढत, शेवटचं होल. अमेरिका साडेपंधरा, ब्रिटन साडेपंधरा. अमेरिकेच्या जॅक निकलॉसने आपला चारेक फुटांचा पट, म्हणजे होलकडे मारायचा हलका फटका, आत घातला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा चेंडू होलपासून जेमतेम दोन फुटांवर होता. तो आत गेला तर बरोबरी, चुकला तर अमेरिकेचा विजय. निकलॉसने वाकून जॅकलिनच्या चेंडूच्या जागेची खूण उचलली आणि हात पुढे केला. पट मान्य, मारायची गरज नाही. 16-16. करंडकाच्या इतिहासातली ही पहिली बरोबरी. अमेरिकेचे कर्णधार सॅम स्नीड यांना ते अजिबात रुचलं नाही.

या प्रसंगावर मी सर्वांत खडाजंगीची चर्चा ऐकली ती डहाणू तालुक्यातल्या सायवनला, एका निवृत्त गुरुजींच्या ओटीवर. गुरुजी आश्रमशाळेत शिकवत, कबड्डीचे पंच म्हणूनही उभे राहत. समोर त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी, आता खेळाची शिक्षिका. तिचा भाऊ मुंबईत गोल्फच्या मैदानावर गवताची निगा राखतो. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतालचं, गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर कसं राखतात हे तो घरी येऊन सांगतो, आणि सायवनमधल्या लोकांना, ज्यांनी आयुष्यभर गवत विळ्याने कापून भारे बांधले, ते खरंच वाटत नाही. त्याच्यामुळेच 2025 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळ बेथपेजला झालेला रायडर करंडक बाईंनी मोबाइलवर पाहिला होता. युरोपने तो 15-13 असा जिंकला. पण बाईंच्या डोक्यात सामना वेगळाच होता. त्यांच्या शाळेच्या मुलींचा, एका गुणाने हरलेला.

बाई: शेवटच्या मिनिटाला समोरची चढाईला आली. आमच्या कोपऱ्यावरच्या मुलीच्या पायाला तिची बोटं लागली. पंचांनी पाहिलं नाही, समोरच्या पोरीलाही कळलं नाही. आमचीनं आपणहून हात वर केला आणि बाहेर गेली. हरलो. येताना गाडीत तिच्याशी कोणी बोललं नाही. मी काय सांगायचं होतं बाकीच्या सहा जणींना?

गुरुजी: शाबास म्हणायचं होतं तिला. सगळ्यांच्या देखत.

बाई: तेच तर जमलं नाही मला. गुण तिचा एकटीचा नव्हता. निकलॉसचंही तेच. संघात बाराजण होते, तीन दिवस झगडले. निम्म्याहून जास्त लढती शेवटच्या होलपर्यंत गेल्या होत्या. आणि यानं कोणाला न विचारता विजय देऊन टाकला. दुसऱ्याच्या ताटातलं वाढायला याला कोणी सांगितलं?

गुरुजी: थांब. तू दोन गोष्टी एका दावणीला बांधतेस. तुझ्या मुलीनं काही दिलं नाही. लागलं होतं, ती बाद होती. तो गुण तुमचा नव्हताच, पंचाची नजर चुकली म्हणून तुमच्याकडे राहिला असता. बॉबी जोन्स म्हणून गोल्फचा फार मोठा खेळाडू होऊन गेला. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये चेंडू किंचित हलला. त्याच्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं, तरी त्यानं स्वतःवर एक फटका लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत विली मॅकफार्लेनकडून हरला. त्याचं कौतुक झालं ते त्याला आवडलं नाही. खरं बोलण्याला औदार्य म्हणत नाहीत.

बाई: मान्य. मग माझी मुलगी सुटली. पण निकलॉस जास्तच अडकला. जॅकलिननं पट मारायला हवा होता, हा अमेरिकेचा हक्क होता. तो यानं सोडला.

गुरुजी: दोन फूट गं.

बाई: दोन फूट सोपे असतील, तर त्यात दिलं काय? मोठेपणा कसला? आणि सोपे नसतील, तर संघाची जिंकायची संधी खरोखरच देऊन टाकली. दोन्ही एकदम खरं कसं होईल?

इथे गुरुजी थोडे अडले. मलाही हा प्रश्न त्या दिवसाच्या बोलण्यातला सर्वांत नेमका वाटला. होलचा व्यास सव्वाचार इंच. रिकाम्या मैदानात दोन फुटांवरून शंभरदा मारला तर जॅकलिनसारखा खेळाडू क्वचितच चुकेल. पण शेवटच्या दिवशी ग्रीन बुटांच्या खिळ्यांनी तुडवलेलं असतं, आणि त्या काळच्या नियमांनुसार वाटेतल्या खिळ्यांच्या खुणा दाबून सपाट करायलाही बंदी होती. ती मुभा 2019 मध्ये आली. जॅकलिन पंचवीस वर्षांचा. दोनच महिन्यांपूर्वी तो ब्रिटिश ओपन जिंकला होता, अठरा वर्षांनी एका ब्रिटिशाने. सगळा देश त्याच्याकडे डोळे लावून बसलेला. 1957 नंतर ब्रिटनने रायडर करंडक जिंकला नव्हता. अशा वेळी चेंडूला जायचं अंतर दोनच फूट असतं, पण हात थरथरतो.

गुरुजी: पट सोपा होता. चुकला असता तर त्याची शिक्षा मात्र जन्मभराची होती. निकलॉसनं ती शिक्षा उचलली. तो जॅकलिनला म्हणाला तेही हेच, की तू चुकला असतास असं मला वाटत नाही, पण तशी वेळ तुझ्यावर आणायची नव्हती. आणि करंडक अमेरिकेकडेच राहिला, हे विसरू नको. आधीच्या खेपेला त्यांनी जिंकला होता, बरोबरी झाली की करंडक जुन्याच विजेत्याकडे. दिलं ते मोजून दिलं.

बाई: म्हणजे करंडक जाणार असता तर दिलं नसतं?

गुरुजी: द्यायला नको होतं, असं मला वाटतं.

बाई: मग आता तुमच्याच वडिलांचं सांगते. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वेठबिगारीविरुद्ध आदिवासींची सभा झाली, त्या वाटेनं तुमचे वडील गेले ना? पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. पाचशे रतल गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड गेले. समजा त्या दिवसांत एखाद्याला मालकाची दया आली. गवत उभ्यानं वाळून चाललंय, बिचाऱ्याचं नुकसान होतंय, म्हणून हा एकटा विळा घेऊन गेला. त्याला तुम्ही दिलदार म्हणाल?

गुरुजी: फितूर म्हणेन.

बाई: मग निकलॉस दिलदार कसा?

गुरुजी: संपात त्यानं दिली असती ती दुसऱ्याची भाकरी. वेठीतून सुटायची सगळ्यांची वाट त्यानं एकट्यानं बंद केली असती. आणि ज्याला दिली असती तो आधीच सगळं बळकावून बसलेला. बर्कडेलला समोरासमोर दोघे सारखे होते, आणि डावावर भाकरी नव्हती. रायडर करंडकाला बक्षिसाची रक्कमच नसते.

बाई: नव्हती. 2025 मध्ये अमेरिकेच्या खेळाडूंना प्रत्येकी 5 लाख डॉलर मिळाले, त्यातले 3 लाख दानासाठी आणि 2 लाख स्वतःचे. भाऊ सांगत होता. पण त्यांचं जाऊ द्या. माझ्या मुलींचं बघा. त्यांच्या एकेका गुणात भाकरी आहे, गुरुजी. जिल्हा, विभाग, मग राज्य. तिथे पदक मिळालं तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. त्या सहा जणींतल्या एकीचे आई-वडील दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. तिच्यासाठी एक गुण म्हणजे काय, हे ओटीवर बसून कोणी ठरवू नये.

गुरुजींनी यावर वाद घातला नाही. हात वर करणं तरीही बरोबरच होतं, एवढं म्हणाले. पण उद्या कोणी दोन फुटांचं दान करायला निघाली तर तिनं आधी सहा जणींकडे बघावं, हे त्यांनी मान्य केलं. मला इथे गुरुजींपेक्षा बाई बरोबर वाटल्या. आपण खिलाडूवृत्तीच्या गोष्टी सांगतो त्या बहुतेक अशांच्या असतात, ज्यांना हरणं परवडतं.

मग बोलणं नियमावर आलं. गोल्फमध्ये पट सोडायचा अधिकार प्रतिस्पर्ध्याचाच असतो. एकदा सोडला की परत घेता येत नाही, आणि समोरच्याला तो नाकारताही येत नाही. म्हणजे नियमाच्या दृष्टीने निकलॉसला कोणाला विचारायची गरज नव्हती. बाईंना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, आणि ते पुरेसं नाहीच. 20 सप्टेंबर 2015 ला, बर्कडेलला बरोबर 46 वर्षं झाली त्या दिवशी, जर्मनीत महिलांच्या सोल्हाइम करंडकात अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीचा पट चुकून चेंडू दीडेक फूट पुढे गेला. सोडला असेल असं समजून तिनं तो उचलला. युरोपच्या सुझान पेटरसननं सांगितलं, आम्ही सोडला नव्हता. नियम पेटरसनच्या बाजूने होता, होल युरोपला मिळालं. चिडलेल्या अमेरिकेनं मागून येऊन 14½-13½ असा करंडक जिंकला. दुसऱ्या दिवशी पेटरसननं जाहीर माफी मागितली.

बाई: तिनं संघाचंच पाहिलं ना? तुमच्या हिशोबानं ती बरोबर.

गुरुजी: तिला घ्यायचा होता तो गुण खेळून मिळालेला नव्हता. समोरच्या पोरीच्या गैरसमजातून आलेला होता. असा गुण संघासाठी घेतला तरी संघाला पुरत नाही.

बाई: आणि अनिर्बान लाहिरी? पुण्यात जन्मलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोरियात प्रेसिडेंट्स करंडकाला शेवटच्या होलवर त्याचा चारेक फुटांचा पट कडेला लागून फिरला. समोरच्या ख्रिस कर्कनं आपला पंधरा फुटांचा घातला होता. अमेरिका जिंकली, 15½-14½. त्याला कोणी दोन फूट दिले नाहीत.

गुरुजी: मागितलेही नसतील त्यानं. चार फूट म्हणजे परीक्षा, ती सोडून दिली तर अपमान. आणि दोन वर्षांनी 2017 ला त्याच करंडकात हाच लाहिरी सी वू किमच्या जोडीनं जिंकला म्हणून अमेरिकेचा विजय शनिवारचा रविवारवर गेला. ज्याला चुकू दिलं त्याला परत येता येतं.

बाई: मग जॅकलिनला चुकू दिलं असतं तर तोही आला असता!

गुरुजी: आला असता कदाचित. तो सावरेल की नाही, हे निकलॉसला त्या क्षणी कळायला मार्ग नव्हता. पुढे काय झालं ते मात्र सगळ्यांसमोर आहे. जॅकलिन युरोपचा कर्णधार झाला. 1985 ला युरोपनं अमेरिकेला हरवलं, 1957 नंतर पहिल्यांदा. 1987 ला तर अमेरिकेत जाऊन हरवलं, तेही निकलॉसनं स्वतः बांधलेल्या मुइरफिल्ड व्हिलेजवर, निकलॉस समोर कर्णधार असताना. आणि युरोपच्या खेळाडूंना ब्रिटनच्या संघात घ्या, नाहीतर ही स्पर्धा एकतर्फी होऊन मरेल, हा आग्रह निकलॉसनंच 1977 मध्ये धरला होता.

बाई: म्हणजे तो पुन्हा देतच राहिला.

गुरुजी: खेळ टिकावा म्हणून. समोरचा उभा राहिला तरच आपल्या जिंकण्याला अर्थ.

बाई: पण बाराजणांना विचारलं नव्हतंच. आणि स्नीड रागावला ते चूक नव्हतं.

गुरुजी: नव्हतं. ज्यांचं गेलं त्यांना रागवायचा हक्क आहे. निकलॉसचंही गेलं हे मात्र धर. त्याची पहिलीच रायडर करंडक स्पर्धा, आणि शेवटच्या लढतीत जिंकायची स्वतःची संधी त्यानं अर्ध्या गुणावर सोडली. स्वतःचं काही न घालता त्यानं दुसऱ्यांचं दिलं असतं, तर मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो.

हा निकष मला पटतो. बाईंना अर्धाच पटला. बेथपेजला युरोपच्या व्हिक्टर हॉव्हलंडची मान दुखावली आणि तो खेळू शकला नाही, तेव्हा आधीपासून ठरलेल्या नियमाने दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला. तसंच संघानं काय सोडायचं हे आधी बसून ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. गुरुजी म्हणाले, आधी ठरलं की तो करार होतो, दान राहत नाही. बाई म्हणाल्या, वीटभट्टीवरच्या पोरीला करारच हवा आहे. यावर दोघांचं एकमत झालं नाही.

बाईंनी ठरवलं ते एवढं. सातही जणींना एकत्र बसवायचं, रागावलेल्या सहा जणींना त्या मुलीच्या तोंडावर राग बोलू द्यायचा आणि नंतर सगळ्यांसमोर सांगायचं, की तिनं हात वर केला ते बरोबर होतं आणि पुढच्या सामन्यात कोपऱ्यावर तीच उभी राहील. डहाणू-तलासरीतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. तुमच्याही संघात असा हात वर करणारी एखादी असेल. तिला शाबासकी द्याच, पण बाकीच्या सहा जणींचं काय गेलं, हेही त्यांच्याजवळ बसून ऐका.