द्रव्य आणि आश्रय
दूर राहून द्रव्य पाठविल्याने निराश्रिताविषयीचे आपले कर्तव्य फिटते काय? बोरी गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांनी सरहद्द ओलांडली. तेव्हा हा प्रश्न आमच्या वाचकांस परका नाही.

कोल्हापुराजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निराश्रित, बहुतेक स्त्रिया व मुले, राहत असत. आरंभी खर्च लंडनमधील पोलिश सरकारचा होता. जागा व शेजार कोल्हापूरचा. २०१६ साली युरोपीय संघाने तुर्कस्तानातील निराश्रितांसाठी ६ अब्ज युरो देऊ केले, परंतु त्यांस तेथेच थोपवून धरावे हाही त्या करारातील हेतु होता. त्या पैशाने मुलांच्या मुखी अन्न पडले, म्हणून त्यास निंद्य म्हणणे आमच्याने होत नाही. तथापि देणाऱ्यास आश्रयदाता म्हणण्यासही आमची जीभ रेटत नाही.