कज्जेदारांचं गाव

मेलबर्नहून आलेल्या एका स्नेह्यांनी फ्रिजला चिकटवायचं लोहचुंबक माझ्या हातावर ठेवलं. त्यावर नेड केलीचं लोखंडी शिरस्त्राण होतं. ‘हा तिकडचा उमाजी नाईक समजा,’ ते म्हणाले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तिथल्या प्रत्येक गोष्टीचा इथला जोडीदार शोधायची खोड असते. एरवी मी ती हसून सोडून देतो. हे वाक्य मात्र डाचत राहिलं.

नेडची गोष्ट जगाला पाठ आहे. नांगराचे पत्रे ठोकून केलेलं चिलखत, १८८० च्या जूनमधली ग्लेनरोवनची चकमक, त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी. त्याच्यावर १९०६ मध्ये चित्रपट निघाला, २००१ मध्ये पीटर केरीच्या कादंबरीला बुकर मिळालं. माझं कुतूहल आहे ते त्याच्या आईच्या घराबद्दल.

एलन केली ही व्हिक्टोरिया वसाहतीतली आयरिश विधवा. तिचा नवरा टिपरेरीत डुकरं चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर आलेला. १८६६ मध्ये तो वारला आणि पोराबाळांचं लेंढार घेऊन बाई ग्रेटा गावाकडे आली. १८६८ मध्ये तिचा दीर जेम्स दारू पिऊन दारात आला. बाचाबाची झाली, त्याला हुसकावलं. रात्री परत येऊन त्याने घराला आग लावली. माणसं वाचली, घर गेलं. न्यायमूर्ती रेडमंड बॅरींनी दिराला फाशी सुनावली; पुढे ती पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीवर आली. दहा वर्षांनी याच बॅरींनी एलनला तीन वर्षांसाठी तुरुंगात धाडलं, तेव्हा तिच्या कडेवर तान्ही मुलगी होती. आणि १८८० मध्ये तिच्या मुलाला फाशी सुनावणारेही तेच. आपल्याकडे एखाद्या घराण्याचा उपाध्या ठरलेला असतो, तसा या घराण्याचा न्यायाधीश ठरलेला होता.

भांडणं दोन जातींची असतात, असं माझं जुनं म्हणणं आहे: ओसरीवरची आणि दप्तरातली. ओसरीवरच्या भांडणात कुणी तरी वडीलधारं असतं. ते दोघांनाही शिव्या घालतं, बांध कुठून जातो ते सांगतं, आणि चार दिवाळ्यांनंतर भांडण कशावरून झालं हेही कुणाला धड आठवत नाही. दप्तरातलं भांडण विरत नाही. त्याला तारीख असते, साक्षीदार असतात, आणि पुढच्या भांडणात ते पुरावा म्हणून उभं राहतं. गावकीची ओसरी न्यायाने वागते असा माझा अजिबात दावा नाही; तिने कितीजणांना विहिरीपासून दूर ठेवलं ते आपण जाणतोच. पण विसरण्याची सोय तिच्यात आहे.

ग्रेटासारख्या वस्तीला ओसरीच नव्हती. १८६० च्या दशकातल्या कायद्यांनी गरिबांना हप्त्यांवर जमिनी घ्यायला मुभा दिली. अट अशी की तिथे राहायचं, कुंपण घालायचं, मशागत करायची. हजारो एकरांवर आधीच मेंढ्या चारणारे बडे मालक एका बाजूला, हे ‘सिलेक्टर’ दुसऱ्या बाजूला. (ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षं ती भूमी राखली त्या मूळ रहिवाशांना दोघांनीही विचारलं नाही, हा या सगळ्या भांडणाखालचा मोठा कज्जा. तो कुठल्याच तालुका कोर्टात दाखल झाला नाही.) माणसं ठिकठिकाणांहून आलेली, आजे-पणजे समुद्रापार पुरलेले. मग वासरू हरवलं की कोर्ट, घोडा दुसऱ्याच्या आवारात सापडला की कोर्ट. १८७० मध्ये पोरसवदा नेड तुरुंगात गेला तो दोन फेरीवाल्यांच्या घोड्यावरून झालेल्या तंट्यापायी. एकाच्या बायकोला त्याने वासराचे अंडकोष आणि एक अश्लील चिठ्ठी पोचती केली होती. नेडने पुढे जेरिल्डेरी गावात सोपवलेल्या लांबलचक पत्राला काहीजण जाहीरनामा म्हणतात. त्याची सुरुवातच एका फेरीवाल्याची गाडी चिखलात रुतली इथून होते.

आमच्या स्नेह्यांचा मुद्दा असा की हा गुलामांचा उठाव होता, आयरिश विरुद्ध इंग्रज. आता, १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये स्ट्रिंगीबार्क ओढ्याकाठी नेडच्या टोळीने मारलेले केनेडी, लोनिगन, स्कॅनलन हे तिन्ही पोलीस आयर्लंडात जन्मलेले. न्यायमूर्ती बॅरी कॉर्कचे. म्हणजे आयरिश माणसाने आयरिश माणसाला मारलं आणि तिसऱ्या आयरिश माणसाने त्याला फाशी दिली. ही भाऊबंदकीच झाली की! स्नेही म्हणतात, तपशिलात शिरलं की कुठलाही वीर लहान दिसतो. दिसू दे.

आणि अ‍ॅरन शेरिटचं काय? हे सांगायचा मोह आवरत नाही. अ‍ॅरन आणि टोळीतला जो बर्न हे बीचवर्थजवळच्या खोऱ्यातले शाळासोबती. अ‍ॅरनची सोयरीक जोच्या बहिणीशी ठरली होती, ती मोडली. तो पोलिसांचा पगारही खाऊ लागला. २६ जून १८८० च्या संध्याकाळी जो आणि नेडचा भाऊ डॅन यांनी शेजारच्या जर्मन माणसाला बेड्या घालून अ‍ॅरनच्या दारात उभं केलं आणि हाक मारायला लावली: वाट चुकलोय म्हण. घरात पोटुशी बायको होती, सासू होती, आणि संरक्षणासाठी ठेवलेले चार पोलीस आतल्या खोलीत होते. शेजाऱ्याचा आवाज ओळखून अ‍ॅरनने दार उघडलं. जोने जवळून गोळ्या झाडल्या. अ‍ॅरनची सासू जोच्या आईची मैत्रीण. तिच्या मुलीचा नवरा मरून पडलेला आणि ती मैत्रिणीच्या मुलाशी बोलते आहे. चारही पोलीस सकाळपर्यंत आतच राहिले. यात बंड कुठे शोधायचं?

इथवर मी निश्चिंत होतो. पण निकोल्सन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचा एक अहवाल आहे. १८७७ मध्ये तो एलनच्या घरी डोकावून आला. सालीचं छप्पर, आत गोधड्या आणि ब्लँकेटं टांगून केलेले पाच खण, दारिद्र्य. हे सगळं नोंदवून तो सुचवतो की या लोकांना, क्षुल्लक गुन्ह्यावर का होईना, तुरुंगात पाठवून त्यांचा तोरा उतरवावा. गुन्हा झाला नव्हता, कुटुंब ठरलं होतं. १८७९ च्या जानेवारीत वीसहून अधिक नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक धरले गेले. पुरावा नसताना त्यांना ऐन सुगीत तीन महिन्यांहून अधिक तारखांवर तारखा देत डांबून ठेवलं. त्यानंतर केलींचा हितचिंतक असा ज्याच्यावर संशय, त्याला त्या भागात जमीनच मिळेना. मावसभाऊ असणं हा शेतीला अडथळा झाला.

म्हणजे घरगुती कज्जा राजकीय झाला खरा, पण तो नेडने केला नाही, सरकारने केला. स्नेह्यांचं उत्तर बरोबर आहे, रीत चुकली आहे. आणि जोडीदारच हवा असेल तर उमाजीपेक्षा जवळचा आहे. याच साम्राज्याने १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आधी उत्तरेत, पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही. पारध्याच्या पोराची पोलीस ठाण्यातली हजेरी आणि ग्रेटाच्या मावसभावाची नाकारलेली जमीन यांत यातनेचा फरक फार मोठा आहे, तो पुसू नये. हिशेबाची पद्धत मात्र एकच: माणूस मोजायचा तो गोतावरून.

एलन १८८१ मध्ये सुटली. पुन्हा भडका उडणार या धास्तीने ग्रेटाला ग्रॅहम नावाचा नवा शिपाई नेमला होता. त्याने नवी फिर्याद काढली नाही. तो म्हातारीच्या घरी गेला, तिच्याशी बोलत बसला, आणि पोरांना आवरायला तुम्हीच मदत करा, असं तिला विनवलं. तिने ऐकलं. ती पुढे १९२३ पर्यंत जगली. तिचा दुसऱ्या लग्नाचा एक मुलगा पश्चिम ऑस्ट्रेलियात पोलिसात भरती झाला.