मृत्यूचे दप्तर आणि उन्हाळा

उन्हाने ओढवलेले मरण दाखल्यावर बहुधा दुसऱ्याच नावाने नोंदले जाते. कोणाचे हृदय बंद पडते, कोणाचा जुना विकार बळावतो, आणि ऊन मात्र नामानिराळे राहते. सन 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर चढला, त्या वेळी किती माणसे गेली याचा खरा अदमास लागला तो वैद्यकीय निदानांवरून नव्हे, तर शहराच्या मृत्युनोंदींवरून. अभ्यासकांनी कारणांचा विचार बाजूस ठेवून त्या महिन्यातील सर्वच मृत्यू मोजले व लगतच्या वर्षांतील मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा 1,344 मृत्यू अधिक भरले.

पृथ्वीच्या तापमानाची चर्चा जागतिक परिषदांतून कितीही विद्वत्तेने होवो, नगराला जाग येते ती स्वतःच्या दप्तरातील अशा आकड्याने, असे मला वाटते. अहमदाबाद महानगरपालिकेने 2013 मध्ये उष्णतेशी सामना करण्याची जी योजना अमलात आणली, ती दक्षिण आशियातील पहिली गणली जाते; तिच्यातील इशाऱ्यांची पायरी 41 अंशांपासून सुरू होते. हा आकडा त्या कोरड्या हवेच्या शहराचा आहे. मुंबईच्या दमट हवेत याहून कितीतरी कमी तापमानही जिवावर बेतू शकते, आणि म्हणूनच एका नगराची योजना दुसऱ्याने जशीच्या तशी उचलणे म्हणजे परक्याच्या नाडीवर बोट ठेवून स्वतःस औषध घेणे होय.

अहमदाबादेतील एका सार्वजनिक रुग्णालयाची हकीकत मला सर्वांत बोधप्रद वाटते. तेथील प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, दिवसभर तापणाऱ्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला गेला, आणि उष्णतेने आजारी होऊन दाखल होणाऱ्या नवजात अर्भकांची संख्या उतरली. यासाठी ना परदेशी कर्ज लागले, ना नवे यंत्र. आई आणि मूल नेमके कोठे निजतात याची विचारपूस तेवढी कोणीतरी केली.

परंतु पाणपोया, रुग्णालयांची सज्जता आणि वस्त्यांतील छपरांवरील चुन्याची सफेदी यांपुढे एक कठीण प्रश्न उरतोच. भर दुपारी काम थांबवा, हा हुकूम ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडते त्याने पाळावा कसा? अहमदाबादेतच उभ्या राहिलेल्या ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने 2023 मध्ये, ठरावीक मर्यादेपलीकडे पारा गेल्यास बुडालेल्या रोजाची अंशतः भरपाई देणारा विमा सुरू केला, हे तिच्या दूरदृष्टीस साजेसेच आहे. मात्र हा भार कष्टकरी बायांच्या संघटनेवर सोडून पालिकांना मोकळे होता येणार नाही. रस्ते खोदणारे, गटारे उपसणारे, कचरा उचलणारे हात बहुतांशी पालिकेच्याच मक्त्यांवर राबतात; तेव्हा प्रत्येक मक्त्याच्या करारनाम्यातच दुपारच्या पगारी विश्रांतीचे कलम घालणे, आणि त्याची तजवीज अंदाजपत्रकात उन्हाळ्यापूर्वी करणे, हे सर्वस्वी त्यांच्याच अखत्यारीत आहे.