हेब्बाळपासून समुद्र किती लांब?

बंगळूरमधल्या हेब्बाळहून मंगळूरचा किनारा गाठायचा तर घाट उतरून सुमारे साडेतीनशे किलोमीटर जावे लागते. पोर्तुगीजांच्या समुद्रमार्गाशी या पठारी गावाचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण जवळच, मेखरी सर्कलपाशी, केंपेगौडांच्या घराण्याचा टेहळणी मनोरा उभा आहे. हे घराणे विजयनगर साम्राज्याचे मांडलिक. १५३७च्या सुमारास पहिल्या केंपेगौडांनी बंगळूर वसवले, तेव्हा त्यांच्या सम्राटाचे घोडदळ अरबस्तान आणि होर्मुझहून गलबतांतून येणाऱ्या घोड्यांवर उभे होते. दख्खनची हवा आणि इथला चारा घोड्यांच्या पैदाशीला मानवत नसे, त्यामुळे ते दरसाल नव्याने विकत घ्यावे लागत. त्याच दशकात विजयनगरविषयी लिहिणारा पोर्तुगीज फर्नाव नुनीझ हा स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. विजयनगरचा पूर्वीचा राजा साळुव नरसिंह याच्याबद्दल तो सांगतो, की वाटेत मेलेल्या घोड्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी राजा पूर्ण किंमत मोजत असे. गरज इतकी निकडीची होती.

पोर्तुगीजांनी हेरली ती हीच गरज. १४९८ साली वास्को द गामा पूर्व आफ्रिकेतल्या मलिंदीहून कालिकतला आला तो मलिंदीत मिळालेला वाटाड्या घेऊन, मोसमी वाऱ्याच्या जोरावर. ही वाट अरब आणि गुजराती खलाशांची शतकानुशतके मळलेली होती. आफ्रिकेला वळसा घालणे हे मात्र खरे धाडस होते, आणि त्याचे श्रेय पोर्तुगीजांनाच द्यायला हवे. पण अरबी समुद्रात त्यांनी नवा मार्ग उघडला नाही, होता त्या मार्गावर नाका बसवला. कार्ताझ नावाचा परवाना नसलेले जहाज ते पकडत किंवा बुडवत. १५१० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि घोड्यांची जहाजे तिथेच लागली पाहिजेत असा दंडक घातला. घोडे विजापूरला द्यायचे की विजयनगरला, हा निर्णय आता गोव्यात होऊ लागला. १५४७च्या तहात तर ते फक्त विजयनगरलाच विकायचे ठरले.

यावर कुणी म्हणेल, विजयनगर आधीही परक्यांवरच अवलंबून होते, भटकळ आणि होनावरला अरब व्यापारी घोडे उतरवतच होते. खरे आहे. पण ते व्यापारी अनेक होते आणि बंदरेही अनेक. एकाशी बिनसले तर दुसरा होता. तो दुसरा पर्यायच पोर्तुगीजांनी काढून घेतला. नाका गळका होता, चोरटा व्यापार चालू राहिला, सोळाव्या शतकाच्या मध्यावर तांबड्या समुद्रातून मिरी पुन्हा युरोपला जाऊ लागली, हेही मान्य. तरीही घोडा काही पोत्यात लपवून नेता येत नाही. जहाजात त्याच्यासाठी जागा, पाणी आणि चारा लागतो, बंदरावर तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरतो. म्हणून मिरीपेक्षा घोड्यांवर पोर्तुगीजांची पकड अधिक घट्ट बसली, आणि तिचा भार किनाऱ्यापेक्षा पठाराने जास्त सोसला. समुद्रमार्गांचा इतिहास खलाशांच्या रोजनिशांतून वाचताना हा भाग हमखास सुटतो. अर्थात अवलंबित्व एकतर्फी नव्हते. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळले आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेल्याने गोव्याचा घोड्यांचा व्यापार आणि त्यावरची जकातही ढासळली.