कोथरूडचा गवा आणि नकळत घडलेली हिंसा

९ डिसेंबर २०२० च्या सकाळी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत फिरायला निघालेल्या लोकांना रस्त्यात एक गवा दिसला. पुढचे काही तास तो गल्ल्याबोळांतून वाट फुटेल तिकडे पळत होता. मागे वनखात्याची माणसं, आणि सगळीकडे मोबाइल उंचावलेली गर्दी. त्याचं तोंड रक्ताळलं, दमछाक झाली. शेवटी भुलीचं इंजेक्शन दिलं, दोर टाकले, त्याला पकडलं. त्याच दिवशी तो मेला.

त्याला मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. मग याला हिंसा म्हणायचं का?

मन साफ असेल तर पाप लागत नाही, ही आपल्याकडची सोयीची समजूत. जैन परंपरा माणसाला इतक्या सहजी सोडत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे: भान सोडून वागल्यामुळे जीव जातो, ती हिंसा. म्हणून तर जैन मुनी पायाखालची जमीन निरखत चालतात. एवढी काळजी घेऊनही एखादा जीव दगावला, तर तिथे दोषाचा विचार वेगळा होतो. द्वेष होता की नव्हता, एवढ्यावर निवाडा होत नाही. काळजी घेतली का, हे आधी पाहिलं जातं. कोथरूडच्या गर्दीला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं.

गवा अंगापिंडाने थोराड, पण बुजरा. माणसाची चाहूल लागली की तो सहसा झाडीत सरकतो. अशा जनावराला फार वेळ पळवलं तर अंग तापतं, स्नायू आतून निकामी होऊ लागतात, आणि पळणं थांबल्यावरही मृत्यूचा धोका टळत नाही. कौतुकाने मागे धावणारी माणसं आणि कोळसुंद्यांचा कळप यांत त्याला काय फरक कळणार?

अश्विन वद्य द्वादशीला पुण्यात वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांच्या वस्त्यांवर वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरांची राखण मागतात. गाय गोठ्यातली, वाघोबा रानातला. दोघांनाही हात जोडायचे, पण वाघोबाला कुणी जवळ बोलावत नाही. या भक्तीत भय आहे, आणि ते असायलाच हवं. शहरात रानाचं प्रेम पुष्कळ आहे. हे अदबीचं अंतर मात्र हरवलंय.

ते पाळता येतं, हे पुण्यानेच लगेच दाखवलं. २२ डिसेंबरला बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी आधी माणसांना आवरलं, भुलीची घाई केली नाही, त्याची वाट मोकळी ठेवली. तो जिवंत रानाकडे परतला. त्या दिवशी अडवल्यावर मुकाट्याने मागे फिरलेल्यांच्या हातून काहीच घडलं नाही, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल.