स्वदेशत्याग आणि घरची ओढ

वाशिंद सोडून परदेशी राहिलेल्या वासनिकाला भातसेचा काठ आठवून एकाकी वाटले, तर तो दोष मानावा काय? आचारप्रकरणात श्रीचक्रधरस्वामींनी स्वदेशाचा संबंध सोडावयास सांगितले, ते ईश्वरप्राप्तीस निघालेल्या साधकास. पोटासाठी गाव सुटले म्हणून त्याग घडत नाही. उलट दूर गेल्यावर गाव अधिकच चिकटते! स्वामी स्वतः भडोचहून महाराष्ट्रात आले. त्यांच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्य विरहाने व्याकूळ झाले, नि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. पुढे म्हाइंभटांनी त्यांच्याकडून व इतर भक्तांकडून लीळा मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले. तेथे विरहच स्मरणाच्या कामी आला. वासनिकाने ओढ दडपू नये. गावच्या आठवणीने मन भरून येईल त्या सायंकाळी एक लीळा मोठ्याने वाचावी. मुले मराठी विसरत असतील तर त्यांनाही जवळ बसवावे.